रूळ आले, विमानतळ येईल. जोड कोण देणार?

बारामतीला रेल्वे आहे. इंदापूर तालुक्यात मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे भिगवण स्थानक आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर नवे टर्मिनल उभे राहिले आहे आणि पुरंदरला आणखी एका विमानतळासाठी भूसंपादनाच्या हालचाली सुरू आहेत. नकाशा समोर ठेवून पाहिला, तर पुणे जिल्ह्याच्या या भागात प्रवासाच्या साधनांची वानवा आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही बारामतीहून विमान गाठण्यासाठी निघालेल्या किंवा इंदापूरहून रेल्वेने उत्तरेकडे जाऊ पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, की गाडी कोणाची सांगायची? साधने इतकी असूनही शेवटी भाड्याच्या मोटारीवाचून पान का हलत नाही, याचे उत्तर रुळांत किंवा धावपट्टीत सापडत नाही. ते या साधनांच्या मधल्या मोकळ्या जागेत सापडते.

प्रवास म्हणजे केवळ अंतर कापणे नव्हे. एका साधनातून उतरून दुसऱ्यात चढण्याची जी घडी असते, तिथेच बहुतेक प्रवास बिघडतात. पहिली गाडी वीस मिनिटे उशिरा पोचते, पुढची वेळेवर सुटते आणि प्रवासी फलाटावर उभा राहतो. थेट गाडीने जाणाऱ्याला ही वीस मिनिटे केवळ वीस मिनिटे असतात; जोडप्रवास करणाऱ्याला त्यांची किंमत चार तास, एक रात्र किंवा विमानाचे वाया गेलेले तिकीट इतकी मोठी असू शकते. महानगरातल्या माणसाला याची तीव्रता सहसा जाणवत नाही, कारण त्याचा प्रवास मुळात मोठ्या स्थानकावरून सुरू होतो. तालुक्याच्या गावातून निघणाऱ्याला मात्र दोन-तीन जोड पार केल्याशिवाय मुख्य प्रवासाला आरंभच करता येत नाही.

थोडे साधे गणित मांडून पाहू. बारामतीहून लोहगावला जाताना एसटी किंवा रेल्वे, पुढे मेट्रो, त्यापुढे रिक्षा किंवा बस आणि अखेर विमान असे तीन जोड येतात. प्रत्येक जोड दहापैकी नऊ वेळा व्यवस्थित जुळतो असे उदारपणे गृहीत धरले, तरी तिन्ही सलग जुळण्याची शक्यता शंभरात ७३ इतकीच उरते. म्हणजे चारातला एक प्रवास कुठे ना कुठे तुटणार. हे ज्याला अनुभवाने ठाऊक असते तो प्रत्येक टप्प्यावर तास-तासभर राखून ठेवतो आणि शंभर किलोमीटरच्या प्रवासाला अर्धा दिवस लावतो. ज्याच्याजवळ पैसे असतात तो मोटार सांगतो. ज्याच्याजवळ वेळही नाही आणि पैसेही नाहीत, त्याच्यासाठी या साऱ्या सोयी असून नसल्यासारख्या असतात.

दीडशे वर्षांपूर्वीचा जोडप्रवास

या भागाला रेल्वे नवी नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जी. आय. पी. रेल्वेचा खंडाळा-पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला गाडी पुण्यापुढे डिकसळपर्यंत पोचली. हे डिकसळ आजच्या इंदापूर तालुक्यातले, भिगवणजवळचे. म्हणजे पुण्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत इंदापूरच्या हद्दीत आगगाडी आली होती आणि वर्षभरासाठी का होईना, या मार्गाचे शेवटचे स्थानक होण्याचा मान या तालुक्याला मिळाला होता. सोलापूर त्यानंतर, १८६० मध्ये जोडले गेले.

त्या काळी मुंबई-पुणे हा प्रवासही जोडप्रवासच होता. बोरघाटातले काम पूर्ण व्हायचे होते. प्रवासी घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरत, मेणे, तट्टे, बैलगाड्या यांच्या साह्याने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि हा खंड सांधला गेला. त्यानंतर १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग आला आणि दौंड हे उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावरचे जंक्शन बनले. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी सुरू झाली. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि बारामतीहून पुण्याकडे सरळ गाडी नेणे शक्य झाले.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक पिढीने या भागात नवा मार्ग आणला, पण जुन्या मार्गाशी त्याची वेळ जुळवण्याचे काम दर वेळी पुढच्या पिढीवर सोपवले. घाटाचा खंड सांधणे अभियंत्यांचे काम होते आणि ते पाच वर्षांत झाले. वेळापत्रकातला खंड सांधणे हे कोणाचेच काम नसल्यामुळे तो अद्याप तसाच आहे.

दौंडची गाठ

आज बारामतीकर रेल्वेप्रवाशाचे भवितव्य दौंडला ठरते. बारामतीहून निघालेली गाडी कटफळ, शिर्सुफळ ही स्थानके घेत सुमारे ४४ किलोमीटरवरच्या दौंडला येते. या शाखेवर दिवसाकाठी धावणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. त्यामुळे दौंडला पुढची गाडी कोणती मिळते यापेक्षा बारामतीची गाडी कधी आहे, यावरच सारा प्रवास बेतावा लागतो. शाखामार्गावरची गाडी मुख्य मार्गाच्या सेवेसाठी असते हे तत्त्व येथे उलटे झाले आहे. मुख्य मार्गावर सोलापूर, हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडच्या गाड्यांची रीघ असते. पण त्यांतली कोणती पकडता येईल हे दोन-चार पॅसेंजर गाड्यांच्या सवडीवर अवलंबून राहते.

त्यात अलीकडच्या काळात एक नवी अडचण आली. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंड जंक्शनमध्ये येऊन इंजिनाची दिशा बदलावी लागे. त्यात वेळ जाई. हा वेळ वाचवण्यासाठी कॉर्ड लाइन टाकण्यात आली आणि तिच्यावर दौंड कॉर्ड लाइन हे स्वतंत्र स्थानक झाले. रेल्वेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पुण्याहून अहिल्यानगर-मनमाडमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवाशांचा त्यात फायदा झाला. मात्र यांपैकी अनेक गाड्या आता जंक्शनमध्ये येतच नाहीत. बारामतीहून जंक्शनवर उतरलेल्या प्रवाशाला सामानसुमान आणि मुलेबाळे घेऊन रिक्षाने दुसऱ्या स्थानकावर जावे लागते. रात्रीच्या वेळी एकट्या स्त्रीने किंवा वृद्ध दांपत्याने हा टप्पा कसा पार करावा? गाडीचा वेळ वाचला आणि तो प्रवाशाच्या खात्यातून वळता झाला. वाचवलेल्या वेळाचा हिशेब ठेवणारे खाते रेल्वेत आहे. वळत्या झालेल्या वेळाचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

तिकिटाच्या नियमांतही हीच त्रुटी आहे. एप्रिल २०१९ पासून रेल्वेने दोन आरक्षित तिकिटांचे पीएनआर क्रमांक एकमेकांना जोडण्याची सोय दिली. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर ठरावीक अटींवर न वापरलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. सुधारणा स्वागतार्ह होती. परंतु बारामती-दौंड हा प्रवास बहुधा अनारक्षित तिकिटावर होतो आणि अनारक्षित तिकिटाला पीएनआरच नसतो. म्हणजे जिथे जोड सर्वांत नाजूक, तिथेच या नियमाचे छत्र नाही. रेल्वेच्या उशिरामुळे विमान चुकले, तर दाद मागायला जागाच नाही. विमान कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी केवळ गैरहजर असतो.

इंदापूरचे उलटे गणित

इंदापूरची कथा आणखी वेगळी. तालुक्याच्या हद्दीतून मुख्य लोहमार्ग जातो, पण इंदापूर शहराला रेल्वे नाही. भिगवण स्थानक तालुक्याच्या वायव्य टोकाला आणि शहर आग्नेयेकडे, पुणे-सोलापूर महामार्गावर. भिगवणच्या पुढे लोहमार्ग उजनीच्या पाणलोटाच्या पलीकडून करमाळा तालुक्यातल्या जेऊरमार्गे कुर्डुवाडीकडे जातो. अकलूज, बावडा, निमगाव केतकी या बाजूच्या माणसाला त्यामुळे भिगवण गाठायचे तर पुण्याच्या दिशेने निम्मी वाट मोटारीने चालून जावे लागते. मग तो मनाशी म्हणतो, इतके आलोच आहोत तर तसेच पुढे पुण्याला का जाऊ नये? आणि भिगवणला गाडी असूनही महामार्गावरची एक मोटार वाढते.

भिगवणला येणाऱ्या माणसांची कमतरता नाही. येथे कागद कारखाना आहे, हिवाळ्यात उजनीच्या काठावर रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी येतात, बारामतीहून हे स्थानक सुमारे २७ किलोमीटरवर आहे. दौंड ते सोलापूर या मार्गाचे दुहेरीकरण पूर्ण झाल्यामुळे गाड्या क्रॉसिंगसाठी रखडण्याचे जुने कारणही आता उरलेले नाही. असे असताना गाडीच्या वेळेला स्थानकाबाहेर इंदापूरची किंवा बारामतीची एसटी उभी असेल अशी खात्री देता येत नाही. ज्या वडापवाल्याला प्रवासी कधी येतात ते बरोबर ठाऊक असते, तो मात्र हजर असतो. आपल्याकडे जोडप्रवासाचे नियोजन जर कोणी केले असेल, तर ते त्यानेच, असे म्हणण्याची पाळी येते.

विमानतळाची वाट

आता विमानाचा विचार करू. लोहगावचे नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. पुणे मेट्रो ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे रेल्वे स्थानकापर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोचली; येरवडा स्थानक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय-स्वारगेट हा भुयारी टप्पाही सुरू झाला. या सर्वांचा एकत्रित परिणाम असा, की बारामतीहून एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्या प्रवाशाला आज मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे मार्ग बदलून रामवाडी आणि तेथून चार-पाच किलोमीटरचा रस्ता कापून विमानतळ गाठता येतो. रेल्वेने पुण्याला आलेल्यालाही स्थानकासमोरच मेट्रो मिळते. दहा वर्षांपूर्वी हे स्वप्नवत वाटले असते.

मात्र ही साखळी घड्याळापुढे टिकत नाही. सकाळी नऊचे विमान घ्या. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान स्वीकारणारा काउंटर साधारणतः तासभर आधी बंद होतो. तेव्हा साडेसातला विमानतळावर पोचलेले बरे. याचा अर्थ साडेसहाला पुणे स्थानक. बारामती-पुणे रेल्वेप्रवासाला अडीच-तीन तास धरले, तर बारामतीहून पहाटे साडेतीनला गाडी हवी. अशी गाडी नाही आणि असली तरी मेट्रो त्या सुमारास नुकतीच सुरू होत असते. पुण्याहून अनेक विमाने रात्री उशिरा किंवा अगदी पहाटे सुटतात. त्या वेळी मेट्रो, एसटी आणि शाखामार्गावरची गाडी ही तिन्ही साधने झोपलेली असतात. आदल्या रात्री पुण्यात मुक्काम किंवा मध्यरात्री मोटार, एवढेच दोन पर्याय मग उरतात.

येथे हडपसरचा विचार व्हायला हवा. दौंडकडून येणाऱ्या गाडीला पुण्याच्या आधी हडपसर लागते आणि पुणे स्थानकावरचा भार हलका करण्यासाठी तेथे टर्मिनल विकसित करण्यात आले आहे. हडपसरहून मुंढवा-खराडीमार्गे लोहगावला जाता येते; पुणे स्थानकाच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही. खराडीला हडपसर, स्वारगेटमार्गे खडकवासल्याशी जोडणाऱ्या मेट्रो मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. पण तो मार्ग होईपर्यंत हडपसर स्थानक ते विमानतळ अशी गाडीच्या वेळेला सुटणारी एक बस ठेवायला ना भूसंपादन लागते, ना मंत्रिमंडळाची मंजुरी.

परदेशी जाणाऱ्यांना मुंबई अटळ असते, कारण पुण्याहून थेट परदेशी उड्डाणे मोजकीच आहेत. या बाबतीत मुंबईने अलीकडे चांगला पल्ला गाठला. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि दौंड किंवा भिगवणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलेल्या माणसाला विमानतळापर्यंत एकाच मेट्रोने जाणे शक्य झाले. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली; पुण्याहून कर्जत-पनवेलमार्गे जाणाऱ्या गाड्यांना तो पनवेलजवळ पडतो. अर्थात पुण्याकडून पनवेलला जाणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. तेव्हा तेथेही प्रश्न पुन्हा वेळापत्रकाचाच.

बारामतीला स्वतःची धावपट्टी आहे, ती का वापरू नये, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. औद्योगिक विकास महामंडळाने विकसित केलेली ही धावपट्टी प्रामुख्याने वैमानिक प्रशिक्षण आणि खासगी विमानांसाठी वापरात राहिली. येथून नियमित प्रवासी सेवा नाही. २८ जानेवारी २०२६ रोजी येथे उतरताना झालेल्या अपघातात उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. लहान धावपट्ट्यांवरील हवामान, संपर्क आणि नियंत्रणाच्या यंत्रणांचा प्रश्न त्या दुर्घटनेने साऱ्या देशापुढे आणला. लोहगाव शंभरेक किलोमीटरवर असताना बारामतीला नियमित प्रवासी विमानांची अपेक्षा करण्यापेक्षा लोहगावची वाट सुकर करणे अधिक शहाणपणाचे आहे.

हद्द दौंडला संपते

हे सारे कोणी जुळवायचे? रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, पीएमपी दोन महापालिकांची, मेट्रो केंद्र-राज्याच्या संयुक्त कंपनीची, लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे. प्रत्येकाचे वेळापत्रक आपल्या जागी बरोबर असते. पुणे महानगर प्रदेशाच्या एकत्रित नियोजनासाठी पीएमआरडीए आहे. तिच्या हद्दीत दौंड आणि पुरंदर तालुक्यांचा काही भाग येतो, बारामती आणि इंदापूर मात्र बाहेर राहतात. म्हणजे एकात्मिक वाहतुकीचा आराखडा कितीही उत्तम झाला, तरी या दोन तालुक्यांच्या वाटेवर तो मध्येच संपतो.

यातला विरोधाभास असा, की राजकीय नकाशावर हा प्रदेश पूर्ण सलग आहे. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून बारामती लोकसभा मतदारसंघ होतो. दौंडचे जंक्शन, भिगवणचे स्थानक, बारामतीचा शाखामार्ग आणि पुरंदरचा नियोजित विमानतळ या साऱ्या कड्या एकाच मतदारसंघात आहेत. महाराष्ट्राच्या राजकारणातले हे एक अत्यंत वजनदार क्षेत्र आहे. या वजनाचा उपयोग रस्ते, संस्था, उद्योग आणण्यासाठी झाला आणि त्याची फळे दिसतात. वेळापत्रक जुळवण्यासाठी मात्र तो फारसा झालेला दिसत नाही. याचे कारण उघड आहे. वेळापत्रकाची कोनशिला बसवता येत नाही.

लोणंद-फलटण-बारामती मार्गाचेच पाहा. सुमारे ६४ किलोमीटरच्या या मार्गापैकी लोणंद-फलटण टप्प्यावर २०१९ मध्ये गाडी धावली आणि मार्च २०२१ मध्ये पुणे-फलटण डेमू सुरू झाली. उरलेल्या फलटण-बारामती या ३७ किलोमीटरवर प्रवासी गाडी यायची आहे. हा मार्ग पूर्ण झाला की बारामती पुण्याच्या अधिक जवळ येईल, अशी समजूत आहे. वस्तुतः लोणंदमार्गे पुण्याला जाणे दौंडपेक्षा जवळचे नाही. या मार्गाचे खरे महत्त्व वेगळे आहे. बारामती हे शेवटचे स्थानक न राहता मधले स्थानक होईल आणि दौंडकडून पुण्याला न जाता थेट सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वाट मिळेल. हा लाभ पदरात पडेल तो दौंड आणि लोणंद या दोन्ही टोकांना गाड्या जुळल्या तरच. अन्यथा एका अडलेल्या जोडाच्या जागी दोन होतील.

पुरंदर विमानतळाबाबतही हेच. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांतील जमिनीच्या संपादनाला ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. मे २०२५ मध्ये त्यावरून पोलिसांशी संघर्षही झाला. तो प्रश्न न्यायाने सुटला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण ज्या विमानतळासाठी इतकी किंमत मोजायला सांगितले जाते, तो निदान भोवतालच्या तालुक्यांना पोचता येण्याजोगा तरी हवा. पुणे-मिरज मार्गावरील राजेवाडी आणि जेजुरी ही स्थानके या जागेपासून फार दूर नाहीत. विमानतळाच्या आराखड्यातच रेल्वेची जागा राखली, तर पुणे, सातारा, फलटण आणि उद्या बारामतीचाही प्रवासी रेल्वेने तेथे पोचू शकेल. ती राखली नाही, तर दहा वर्षांनी पुन्हा भूसंपादन, पुन्हा विरोध आणि पुन्हा मोटारींची रांग.

झुरिक आणि बंगळूर

जगात हा प्रश्न सुटलेला आहे आणि तो अतिवेगवान गाड्यांनी सुटलेला नाही. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक स्वीकारले. १९८७ च्या जनमतात ‘रेल्वे २०००’ या योजनेला कौल मिळाला आणि २००४ च्या डिसेंबरात तिचा मुख्य टप्पा अमलात आला. योजनेचे तत्त्व साधे होते. मोठ्या जंक्शनवर चारही दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याला एकत्र याव्यात, प्रवाशांची अदलाबदल व्हावी आणि सर्व गाड्या पुन्हा सुटाव्यात. दोन जंक्शनांमधला वेग या ठोक्याला पोचता येईल इतकाच वाढवायचा. त्याहून अधिक वेगावर पैसा घालवायचा नाही. झुरिक विमानतळाखाली रेल्वे स्थानक १९८० पासून आहे. तेथे डोंगरातल्या खेड्यातून निघालेली पिवळी टपालबसही याच ठोक्याला बांधलेली असते.

उलट उदाहरण आपल्याच देशातले. बंगळूरच्या केम्पेगौडा विमानतळाजवळ जानेवारी २०२१ मध्ये रेल्वेचे थांबा स्थानक सुरू झाले. स्थानकापासून टर्मिनलपर्यंत बसचीही सोय होती. पण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा उड्डाणांशी जुळेनात, म्हणून प्रवाशांचा अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. इमारत उभी राहिली, जोड राहिला. पुरंदरचा आराखडा करणाऱ्यांनी झुरिकची सहल जरूर काढावी. त्याआधी बंगळूरला जाऊन यावे.

आपल्याकडे तासाच्या ठोक्याचे वेळापत्रक लगेच शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच रुळावरून धावतात आणि तीनशे किलोमीटरवरून उशिरा आलेली गाडी दौंडच्या स्टेशनमास्तरच्या हातात नसते. तथापि शाखामार्गाची गाडी त्या उशिराची वाट पाहू शकते की नाही, हे ठरवणे निश्चितच शक्य आहे. २०२४ मध्ये दौंड पुणे विभागात आल्यानंतर दौंड आणि पुण्याच्या वेळापत्रकाचा एकत्र विचार करणे पूर्वीपेक्षा सोपे व्हायला हरकत नाही.

करण्यासारखे काही

जे करायचे आहे ते फार खर्चाचे नाही. बारामती शाखेच्या सकाळ-संध्याकाळच्या गाड्या दौंडला मुख्य मार्गावरच्या दोन-तीन महत्त्वाच्या गाड्यांशी बांधाव्यात आणि हा संबंध वेळापत्रकात छापला जावा, म्हणजे तो तुटल्यास प्रवाशाला जाब विचारता येईल. दौंड जंक्शन ते कॉर्ड लाइन स्थानक अशी बस गाडीच्या वेळेला, रात्रीसुद्धा, असावी. भिगवणला थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळेला इंदापूर व बारामतीची एसटी स्थानकाच्या दारात उभी राहावी. हडपसर ते लोहगाव जोडबस सुरू व्हावी. बारामती-दौंड प्रवासाचे तिकीट पुढच्या आरक्षित तिकिटाशी जोडण्याची मुभा मिळावी. आणि या साऱ्यांचा समन्वय करणारी एक व्यक्ती, एक कार्यालय, एक दूरध्वनी असावा. समित्या आपल्याकडे भरपूर आहेत.

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुंबई-पुणे आणि पुणे-हैदराबाद अतिवेगवान रेल्वेची घोषणा झाली आहे. ती गाडी एक दिवस या भागातून धावेलही. तेव्हा तिच्या स्थानकासाठी कोणता तालुका भाग्यवान ठरणार, यावर चर्चा रंगतील, निवेदने जातील, मोर्चेही निघतील. त्या स्थानकावर उतरलेल्या माणसाने पुढे निमगाव केतकीला कसे जायचे, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारील का, याचीच शंका आहे.

शिक्षणासाठी दिल्लीला निघालेली मुलगी, मुंबईच्या रुग्णालयात तपासणीची तारीख मिळालेला शेतकरी, आखाती देशातल्या नोकरीवर परतणारा कामगार, यांच्यापैकी कोणीही बुलेट ट्रेन मागितलेली नाही. दौंडला उतरल्यावर पुढची गाडी मिळेल, एवढी खात्री त्यांना हवी आहे. ही खात्री देण्यासाठी सिमेंट लागत नाही. दोन खात्यांच्या दोन अधिकाऱ्यांनी एकाच टेबलावर दोन वेळापत्रके ठेवून बसावे लागते. फलटण-बारामतीच्या रुळांवरून पहिली गाडी धावेल तेव्हा हारतुरे, बँड, भाषणे होतील आणि ती व्हावीतही. त्या दिवशी लोणंदला आणि दौंडला उतरणाऱ्या प्रवाशासमोर पुढची गाडी उभी होती की नाही, यावरच त्या समारंभाचे मोल ठरवावे.